पडदा बदलतो, जुना रतीब मात्र सुरूच राहतो

वाराणसी : मदनपुरा, पीली कोठी, अलईपुरा या विणकरांच्या मोहल्ल्यांत मागांचा खटखटाट आजही ऐकू येतो. मात्र त्या मागांवर चढणारी नक्षी आता अनेकदा आलेख-कागदावर नव्हे, तर संगणकाच्या पडद्यावर आकाराला येते. पूर्वी नक्षाबंद ज्या चौकटीच्या कागदावर एकेक चौकोन रंगवीत असे, त्याच चौकटी आज सॉफ्टवेअर दाखवते. तयार नक्षीवरून जकार्ड मागासाठी पुठ्ठ्याचे पत्ते छेदले जातात, आणि त्या छिद्रांच्या हुकमाने ताण्याचे धागे वर उचलले जातात. २००९ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळालेल्या बनारसी साडीच्या या प्रवासात मधला एक टप्पा असा संगणकीय झाला आहे. त्या टप्प्यावर एक अगदी साधी वाटणारी घटना वरचेवर घडते : पडदा बदलतो.

लॅपटॉपला मोठा मॉनिटर जोडला जातो, काढला जातो. ग्राहकाला नमुना दाखवण्यासाठी प्रोजेक्टर लावला जातो. वीज गेली की लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो आणि शेजारचा मॉनिटर काळा पडतो. मॉनिटर डिस्प्लेपोर्टने जोडलेला असेल तर संगणक बहुधा ‘पडदा काढून घेतला’ असेच समजतो. एचडीएमआयने जोडलेला मॉनिटर वीज नसतानाही अनेकदा जोडलेलाच दिसतो. जनित्र सुरू झाले की काळा पडलेला मॉनिटर परत उजळतो. हा बदल सॉफ्टवेअरला वेळेवर आणि नेमक्या तपशिलासह कळला पाहिजे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, ज्या पडद्याशी वा खिडकीशी आता काही संबंध उरलेला नाही, तिच्या नावाने येणाऱ्या सूचना थांबल्या पाहिजेत. संगणकशास्त्रात या व्यवस्थेला ‘इव्हेंट लिसनर’चे व्यवस्थापन म्हणतात. नक्षीकामाचे सॉफ्टवेअर असो, रुग्णालयातील क्ष-किरण प्रतिमा पाहण्याचे असो की बँकेतल्या खिडकीवरचे असो, मेजावरच्या संगणकावर दिवसभर उघडे राहणाऱ्या प्रत्येक सॉफ्टवेअरला या व्यवस्थेला सामोरे जावे लागते. ती बिघडल्यास त्याचा त्रास वापरणाऱ्याला होतो, पण कारण मात्र त्याला दिसत नाही.

लिसनर म्हणजे काय?

एखाद्या सॉफ्टवेअरला पडदा बदलल्याचे दोन प्रकारे कळू शकते. पहिल्या प्रकारात ते दर काही क्षणांनी संगणकाला विचारते : पडदा बदलला का? आता बदलला का? हा मार्ग खर्चिक आहे. शंभरातल्या नव्याण्णव वेळा उत्तर ‘नाही’ असेच येते, आणि तेवढ्यासाठी संगणकाचा वेळ व लॅपटॉपची बॅटरी खर्ची पडते. दुसऱ्या प्रकारात सॉफ्टवेअर एकदाच सांगून ठेवते : पडद्यात काही फरक पडला तर माझ्या या तुकड्याला हाक मारा. हाक येण्याची वाट पाहत बसलेला कोडचा तो तुकडा म्हणजे लिसनर, आणि ज्या निमित्ताने हाक मारली जाते ती घटना म्हणजे इव्हेंट.

दुधाच्या रतीबाशी या व्यवस्थेचे नाते जवळचे आहे. रोज सकाळी गवळ्याकडे जाऊन दूध आहे का, असे विचारण्याऐवजी घरचा माणूस रतीब लावतो. गवळ्याच्या यादीत नाव चढते आणि दूध दाराशी येऊ लागते. रतीब लावणे सोपे असते. घर सोडताना तो आठवणीने बंद करणे हे खरे काम. कुटुंब दुसऱ्या गावी गेले आणि गवळ्याला सांगायचे राहिले, तर दूध बंद दारासमोर पडत राहते. गवळ्याची यात चूक नसते, कारण त्याच्या यादीत नाव अजून आहे.

सॉफ्टवेअरमध्ये परिस्थिती याहून थोडी विचित्र होते. तेथे यादीत नाव असणे हीच ते घर पाडता न येण्याची सबब ठरते. आधुनिक संगणकीय भाषांपैकी अनेकींमध्ये स्मृती मोकळी करण्याचे काम आपोआप चालते. एखाद्या वस्तूकडे कोणीही बोट दाखवत नसेल, तर ती निरुपयोगी समजून तिची जागा मोकळी केली जाते. परंतु लिसनरांच्या यादीत नाव असले की यादी त्या वस्तूकडे बोट दाखवीत राहते. वापरणाऱ्याने खिडकी बंद केली, ती पडद्यावरून गेली, तरी संगणकाच्या लेखी ती जिवंतच असते. या दोषाला संगणकतज्ज्ञांनी ‘लॅप्स्ड लिसनर’ असे नाव दिले आहे. मुदत संपूनही यादीत राहिलेला वर्गणीदार, असा त्याचा आशय.

ही रचना जुनी आहे. अमेरिकेतील झेरॉक्स पार्क या संशोधन केंद्रात १९७९ च्या सुमारास नॉर्वेचे ट्रिग्वे रीनस्काउग यांनी स्मॉलटॉक भाषेसाठी माहिती, तिचे दर्शन आणि तिचे नियंत्रण वेगळे करणारी मांडणी सुचवली. माहितीत बदल झाला की तिच्यावर अवलंबून असलेल्या दर्शनांना तो कळवायचा, हे तिचे मर्म. पुढे १९९४ मध्ये चार लेखकांनी लिहिलेल्या ‘डिझाइन पॅटर्न्स’ या ग्रंथात ही पद्धत ‘ऑब्झर्व्हर’ या नावाने स्थिरावली. आज खिडक्या आणि बटणे असलेले जवळपास प्रत्येक सॉफ्टवेअर याच पद्धतीवर उभे आहे. म्हणजे दोषही तितकाच जुना आहे. दर पिढीतले प्रोग्रामर तो नव्याने शोधून काढतात, हा भाग वेगळा.

पडदा बदलतो म्हणजे नेमके काय बदलते?

सामान्य वापरकर्त्याच्या दृष्टीने मॉनिटर जोडला किंवा काढला, एवढाच बदल असतो. सॉफ्टवेअरच्या दृष्टीने मात्र त्यात अनेक गोष्टी एकत्र गुंफलेल्या असतात. पडद्याची रुंदी-उंची बदलते, प्रमाण बदलते, पडदा उभा किंवा आडवा फिरवला जातो, मुख्य पडदा कोणता हे बदलते, आणि पडदे सर्व जागच्या जागी असतानाही खिडकी एका पडद्यावरून ओढून दुसऱ्यावर नेली जाते. शेवटचा प्रकार सर्वाधिक वेळा घडतो आणि सर्वाधिक दुर्लक्षिला जातो.

यातील ‘प्रमाण’ ही कल्पना समजून घेण्यासारखी आहे. विंडोज प्रणालीत ९६ बिंदू प्रति इंच हे मूळ माप धरून त्याला १०० टक्के म्हणतात. १२० म्हणजे १२५ टक्के, १४४ म्हणजे १५० टक्के, १९२ म्हणजे २०० टक्के. छोट्या पण बारीक बिंदूंच्या लॅपटॉपवर अक्षरे वाचता यावीत म्हणून १५० टक्के प्रमाण ठेवले जाते, तर शेजारच्या मोठ्या मॉनिटरवर १०० टक्के पुरते. मायक्रोसॉफ्टने २०१३ मधील विंडोज ८.१ पासून प्रत्येक मॉनिटरला वेगळे प्रमाण देण्याची सोय केली, आणि त्याबरोबर खिडकी एका प्रमाणाच्या पडद्यावरून दुसऱ्या प्रमाणाच्या पडद्यावर गेली की तिला कळवणारा एक नवा संदेशही आणला. या संदेशासोबत खिडकीने नव्या पडद्यावर किती आकार घ्यावा, याची सूचनाही येते. २०१७ मधील विंडोज १० च्या सुधारित आवृत्तीत ही व्यवस्था आणखी सुधारली. त्याआधी लिहिलेली कित्येक सॉफ्टवेअर आजही वापरात आहेत, आणि त्यांना हा संदेश ठाऊकच नाही. अशा सॉफ्टवेअरचे चित्र विंडोज स्वतः ताणून मोठे करते. दुसऱ्या मॉनिटरवर अक्षरे पुसट दिसण्याचे बहुधा हेच कारण असते.

पुसट अक्षरे डोळ्यांना त्रास देतात, तेवढेच. अर्धवट ऐकणाऱ्या सॉफ्टवेअरची गोष्ट वेगळी आहे. नक्षीच्या चौकटीचेच उदाहरण घेतले तर ते स्पष्ट होते. समजा, १०० टक्के प्रमाणावर एक चौकोन १२ पिक्सेल रुंद दाखवला जातो, आणि १५० टक्क्यांवर १८ पिक्सेल. नक्षी काढणाऱ्याने खिडकी लॅपटॉपवरून मोठ्या मॉनिटरवर ओढली. सॉफ्टवेअरमधील चित्र काढणाऱ्या भागाने बदल ऐकला आणि १२ पिक्सेलांचे चौकोन काढले. माउसची जागा मोजणाऱ्या भागाचा लिसनर मात्र नोंदवलाच गेला नव्हता, तो १८ पिक्सेल धरूनच बसला. आता डावीकडून ९०६ पिक्सेलवर माउस दाबला, तर डोळ्यांना दिसणारा चौकोन ७६ वा असतो, आणि सॉफ्टवेअर रंगवते ५१ वा. डाव्या काठाजवळ ही चूक लक्षातही येत नाही, उजवीकडे जावे तशी ती वाढत जाते. चौकटीतील एक चौकोन म्हणजे त्या फेऱ्यात धागा वर की खाली, याचा निर्णय. तो चुकला तर छेदलेला पत्ता चुकतो, आणि चुकलेला पत्ता मागावर चढेपर्यंत कोणाच्या लक्षात आला नाही, तर चूक थेट कापडात उतरते. विणलेले कापड उसवून पुन्हा विणणे म्हणजे काय, हे येथील कारागिरांना वेगळे सांगावे लागत नाही.

जुन्या जकार्ड यंत्रात ही फसगत होत नसे, हे गमतीचे असले तरी खरे आहे. तेथे प्रत्येक फेऱ्याला पत्ता नव्याने सुयांवर टेकतो. छिद्र असेल तेथे सुई आत जाते, नसेल तेथे मागे ढकलली जाते. मागचा पत्ता काय म्हणत होता, हे सुईला आठवत नाही. लिसनरला मात्र सारे आठवते, आणि बराचसा घोटाळा या आठवणीतूनच होतो.

बंद खिडक्यांचे ओझे

न थांबवलेल्या रतीबाचा परिणाम पहिल्या दिवशी दिसत नाही. म्हणूनच तो शोधणे अवघड जाते. ३८४० गुणिले २१६० बिंदूंच्या, म्हणजे फोर-के म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पडद्यावर पूर्ण आकाराचे एक चित्र स्मृतीत ठेवायचे, तर प्रत्येक बिंदूला चार बाइट धरून सुमारे ३३ मेगाबाइट लागतात. सॉफ्टवेअरमधील प्रत्येक नक्षीची खिडकी असे एक चित्र जवळ बाळगते आणि पडदा बदलल्याची सूचना मिळावी म्हणून संगणकाच्या यादीत नाव घालते, असे समजू. दिवसभरात तीस नक्ष्या उघडून बंद केल्या आणि एकाही खिडकीने जाताना नाव काढले नाही, तर संध्याकाळपर्यंत जवळपास एक गिगाबाइट स्मृती अशा खिडक्यांनी अडवलेली असते, ज्या कोणालाच दिसत नाहीत.

एवढ्यावर थांबले असते तर संगणक फक्त मंद झाला असता. पण संध्याकाळी वीज जाते आणि येते. पडदा बदलल्याची हाक यादीतल्या सर्वांना दिली जाते. दिसणारी एक खिडकी आणि न दिसणाऱ्या तीस खिडक्या एकाच वेळी आपापले माप पुन्हा घेऊ लागतात, चित्र नव्याने काढू लागतात. काही बंद खिडक्यांची अंतर्गत सामग्री आधीच मोडलेली असते. तिला हात लावताच सॉफ्टवेअर कोसळते. वापरणाऱ्याला दिसते ते एवढेच : वीज आली आणि सॉफ्टवेअर बंद पडले. दोष विजेवर जातो. जतन न केलेली नक्षी गेलेली असते ती गेलीच.

मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेट या प्रणालीत पडद्याच्या मांडणीत बदल झाल्याचे कळवणारी एक सामायिक घटना आहे. ती कोणा एका खिडकीच्या मालकीची नाही, संपूर्ण सॉफ्टवेअर चालू असेपर्यंत ती जिवंत असते. त्यामुळे तिच्या यादीत गेलेले नाव कोणीतरी काढेपर्यंत तेथेच राहते. कंपनीने आपल्या अधिकृत दस्तऐवजात या घटनेखालीच स्पष्ट इशारा दिला आहे, की सॉफ्टवेअर आवरते घेताना लिसनर काढून टाकले नाहीत तर स्मृतीची गळती होईल. इतका स्पष्ट इशारा फार थोड्या ठिकाणी आढळतो. दस्तऐवज वाचण्याची सवय असती तर अनेकांचे दिवस वाचले असते.

या दोषाचे सर्वांत बोलके उदाहरण पडद्याशी नव्हे, तर एका चालकविरहित मोटारीशी संबंधित आहे. ऑक्टोबर २००५ मध्ये अमेरिकेच्या मोहावे वाळवंटात संरक्षण संशोधन संस्था दार्पाने स्वयंचलित वाहनांची सुमारे १३२ मैलांची शर्यत भरवली होती. स्टॅनफर्ड विद्यापीठाची ‘स्टॅनली’ ही मोटार जिंकली. प्रिन्स्टन विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांची ‘प्रॉस्पेक्ट इलेव्हन’ ही मोटार मात्र दहा मैलांच्या आसपासच थांबली. पथकाने नंतर केलेल्या तपासात असे आढळले, की वाटेतील अडथळ्यांची नोंद ठेवणाऱ्या वस्तू, अडथळा मागे पडल्यावर यादीतून काढल्या जात होत्या खऱ्या. पण त्या एका घटनेच्या श्रोत्यांमध्ये नोंदलेल्या राहत होत्या. मोटार जसजशी पुढे गेली तसतसे मागे टाकलेले दगड-झुडपे तिच्या स्मृतीत साठत गेले, आणि शेवटी संगणकाला समोरचे पाहायला उसंत उरली नाही. दुरुस्ती एका ओळीची होती : नाव काढण्याची.

काढायचे कोणी आणि केव्हा?

यावर उपाय साधा आहे, तो पाळणे मात्र तितके साधे नाही. ज्याने रतीब लावला त्यानेच तो बंद करावा, आणि लावतानाच बंद करण्याची वेळ ठरवून ठेवावी. खिडकी उघडताना लिसनर नोंदवला असेल, तर खिडकी बंद होण्याच्या कोडमध्ये तो काढण्याची ओळ त्याच वेळी लिहिलेली असावी. नंतर लिहू म्हटले की ती राहतेच. पण पडद्याच्या बाबतीत ‘बंद होणे’ हा एकच प्रसंग नसतो. क्यूटी या प्रचलित सॉफ्टवेअर संचात प्रत्येक पडदा ही स्वतंत्र वस्तू असते. खिडकी ज्या पडद्यावर आहे त्याच्या मापातील व प्रमाणातील बदल ऐकायचे, तर त्या पडद्याकडे नाव नोंदवावे लागते. खिडकी दुसऱ्या पडद्यावर गेली की जुन्या पडद्याकडचे नाव काढून नव्याकडे घालावे लागते. बहुतेक चुका या वळणावर होतात. नव्याकडे नाव घातले जाते, जुन्याकडचे काढायचे राहते. खिडकी दोन पडद्यांमध्ये पाच वेळा ये-जा करते आणि एकाच बदलासाठी तोच कोड अनेकदा चालतो. खिडकी थरथरते, स्वतःचा आकार एकदा वाढवून पुन्हा वाढवते, आणि वापरणारा म्हणतो, मॉनिटर खराब आहे.

क्यूटीमध्ये ऐकणारी वस्तू नष्ट झाली की तिचे नाव यादीतून आपोआप निघते, ही सोय मोठी आहे. मात्र प्रोग्रामरने जागच्या जागी लिहिलेली निनावी कृती लिसनर म्हणून दिली आणि ती कोणत्या वस्तूच्या वतीने ऐकते आहे हे सांगितले नाही, तर ही सोय लागू होत नाही. निनावी श्रोत्यांची अडचण इतरत्रही तीच आहे. वेब तंत्रज्ञानावर आधारित मेजावरची सॉफ्टवेअर, म्हणजे इलेक्ट्रॉनसारख्या संचावर बांधलेली, लिसनर काढताना नोंदवलेलाच श्रोता पुन्हा दाखवा असे म्हणतात. नाव न देता नोंदवलेला श्रोता पुन्हा दाखवणार कसा? हुबेहूब तसाच दुसरा लिहिला तरी तो दुसराच ठरतो. काढण्याची आज्ञा निमूटपणे काहीच न करता परत येते, आणि प्रोग्रामरला काम झाल्याचा भास होतो. इलेक्ट्रॉनच्या पायाशी असलेली नोड ही प्रणाली एका घटनेला दहापेक्षा अधिक श्रोते नोंदले गेले की आपण होऊन गळतीची शक्यता असल्याचा इशारा छापते. अनेक ठिकाणी या इशाऱ्यावरचा उपाय म्हणून दहाची मर्यादा वाढवून घेतली जाते. वाढत्या पाण्यात पट्टीवरचा खुणेचा आकडा खोडून वर लिहावा, तसाच हा प्रकार.

स्वतःहून दुर्बळ राहणारी नोंद हा आणखी एक मार्ग सांगितला जातो. काशीतील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांमध्ये दूरदूरच्या घराण्यांची नावे पिढ्यान्‌पिढ्या लिहिलेली असतात. वहीत नाव आहे म्हणून यजमान काशीत अडकून पडत नाही. वही त्याला ओळखते, धरून ठेवत नाही. लिसनरांच्या यादीनेही अशीच केवळ ओळख ठेवावी, धरून ठेवू नये, अशी सोय जावाएफएक्ससारख्या संचांत ‘वीक लिसनर’ या नावाने आहे. ती उपयुक्त आहे, परंतु तिच्या भरवशावर शिस्त सोडणे धोक्याचे. स्मृतीची सफाई नेमकी केव्हा होईल हे प्रोग्रामरच्या हाती नसते. तोवर बंद खिडकीला हाक जातच राहते. उलट, ज्या श्रोत्याला जिवंत ठेवायचे होते तोच कोणी धरून न ठेवल्याने अकाली नाहीसा होतो, असेही घडते. मॅकच्या प्रणालीत २०१५ मधील एल कॅपिटन आवृत्तीपासून एका प्रकारच्या श्रोत्यांना स्वतः काढण्याची गरज उरलेली नाही, पण दुसऱ्या प्रकारच्या, म्हणजे कोडचा ठोकळाच देऊन नोंदवलेल्या श्रोत्यांना ती आजही आहे. एका नियमाची सवय झालेला हात दुसऱ्या ठिकाणी चुकतो.

एक जोडणी, अनेक हाका

मॉनिटरची तार एकदा काढली म्हणून घटना एकदाच घडते असे नाही. आधी मुख्य पडदा बदलल्याची हाक येते, मग पडदा गेल्याची, मग उरलेल्या पडद्याच्या मोकळ्या जागेत फरक पडल्याची. त्यांचा क्रम प्रणालीनुसार वेगळा असतो. प्रत्येक हाकेला धावून जाऊन पूर्ण चित्र नव्याने काढणारे सॉफ्टवेअर अर्ध्या सेकंदात तेच काम चार-पाच वेळा करते, आणि त्यातल्या मधल्या वेळी त्याच्या हाती असलेली माहिती अर्धवट असते. म्हणून अनुभवी प्रोग्रामर पहिल्या हाकेला केवळ खूण करून ठेवतात, क्षणभर थांबतात, हाकांचा ओघ ओसरला की एकदाच काम करतात. सेकंदाचा चौथा हिस्सा एवढी उसंत सहसा पुरते. काम करतानाही हाकेसोबत आलेल्या तपशिलावर विसंबत नाहीत, तर त्या घडीला पडदे किती, कोणते आणि केवढे, हे प्रणालीला नव्याने विचारतात. हाक ही बातमी असते, आणि बातमी पोहोचेपर्यंत परिस्थिती पुढे सरकलेली असू शकते.

लिनक्सवरील वेलँड या प्रणालीच्या रचनाकारांनी हा प्रश्न मुळाशी हाताळला आहे. तेथे पडद्याचे माप, प्रमाण, ठिकाण यांतील बदल एकेक करून कळवले जातात आणि शेवटी ‘झाले’ अशा अर्थाची वेगळी हाक येते. ती येईपर्यंत हालचाल करायची नाही, एवढा संकेत पाळला की अर्धवट माहितीवर काम होत नाही. विंडोजमध्ये असा समारोपाचा इशारा नाही. मॉनिटर झोपला आणि जागा झाला तरी तो काढून पुन्हा लावल्यासारखे होऊन सगळ्या खिडक्या एका पडद्यावर गोळा होण्याचा त्रास डिस्प्लेपोर्ट वापरणाऱ्यांनी वर्षानुवर्षे सोसला. २०२१ च्या विंडोज ११ मध्ये खिडक्यांच्या जागा मॉनिटरच्या जोडणीनुसार लक्षात ठेवण्याची सोय आली, तेव्हा तो कमी झाला.

पडदा काढला जात असताना आणखी एक काळजी घ्यावी लागते. जो पडदा जाणार त्याच्याकडे बोट दाखवणारी प्रत्येक नोंद सॉफ्टवेअरने त्याच वेळी सोडली पाहिजे. ‘मागच्या वेळी ही खिडकी दुसऱ्या पडद्यावर उजवीकडे होती’ अशी जागा जपून ठेवणारी सॉफ्टवेअर पुढच्या वेळी खिडकी तेथेच उघडतात, आणि तो पडदा आता नसतो. खालच्या पट्टीवर सॉफ्टवेअर चालू दिसते, पडद्यावर मात्र काहीच नाही. विद्यापीठाच्या वर्गात प्रोजेक्टर काढल्यानंतर स्वतःच्या लॅपटॉपवर हरवलेली खिडकी शोधणारे अध्यापक हे दृश्य काशी हिंदू विद्यापीठापासून कोणत्याही तालुक्याच्या महाविद्यालयापर्यंत सारखेच असते.

या सर्वांची चाचणी करणे, आश्चर्य वाटेल इतके स्वस्त आहे. नक्षीची खिडकी पन्नास वेळा उघडायची आणि बंद करायची. मग मॉनिटरची तार पन्नास वेळा काढायची आणि लावायची. आधी यादीत किती श्रोते होते आणि नंतर किती उरले, हे मोजायचे. आकडा तोच राहिला पाहिजे. तो पन्नासने वाढला असेल तर दोष कोठे आहे हे शोधायला दूर जावे लागत नाही. तरीही ही चाचणी क्वचितच होते. कारण सॉफ्टवेअर ज्या मेजावर लिहिले जाते तेथे दोन्ही मॉनिटर एकाच मापाचे असतात, वीज जात नाही आणि तार कोणी काढत नाही. दोष सापडतो तो मोहल्ल्यातल्या छोट्या खोलीत. तेथे त्याला नाव नसते, आणि ‘बंद करून पुन्हा चालू करा’ या सल्ल्यापलीकडे काही मिळत नाही. हा सल्ला वाईट नाही. सॉफ्टवेअर बंद झाले की यादीही पुसली जाते, त्यामुळे गळती खरोखर थांबते. पण तो दोष झाकतो, आणि निर्मात्यापर्यंत तक्रार पोहोचूच देत नाही.

दुरुस्ती होईपर्यंत वापरणाऱ्याला काही गोष्टी करता येतात. मॉनिटर काढण्यापूर्वी किंवा प्रोजेक्टर लावण्यापूर्वी काम जतन करणे, ही पहिली. वीज वारंवार जाणाऱ्या ठिकाणी लॅपटॉपइतकाच मॉनिटरलाही इन्व्हर्टरचा आधार देणे, ही दुसरी. त्यामुळे पडदा जाण्या-येण्याचा प्रसंगच टळतो. दोन्ही पडद्यांचे प्रमाण शक्य असल्यास सारखे ठेवले, तर माप चुकण्याचा धोका बराच कमी होतो. हरवलेली खिडकी विंडोजवर विंडोज आणि शिफ्ट या कळा दाबून ठेवून डाव्या-उजव्या बाणाने दिसणाऱ्या पडद्यावर आणता येते. जुन्या सॉफ्टवेअरच्या चिन्हावर उजवी कळ दाबून गुणधर्मांतील सुसंगततेच्या पानावर प्रमाणाचा ताबा विंडोजकडे सोपवता येतो. अक्षरे किंचित पुसट होतील, पण माउस आणि चौकट एकाच मापाने चालतील. आणि तक्रार करताना ‘सॉफ्टवेअर बंद पडते’ एवढेच न सांगता सकाळपासून किती नक्ष्या उघडल्या होत्या, मॉनिटर कोणत्या तारेने जोडलेला आहे, दोन्ही पडद्यांचे प्रमाण किती आहे आणि बंद पडण्यापूर्वी वीज वा तार गेली होती का, या चार गोष्टी कळवल्या, तर प्रोग्रामरला यादीत राहून गेलेले नाव शोधायला एक दुपार पुरू शकते.